किंगडा का पाडली, आता त्या जागेवर काय उभं राहावं? आणि आपल्या खोपोलीत काय यावं?

एडिसनकर

मंडळी नमस्कार, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहून टाकतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी न्यू जर्सीत राहतो, जॅक्सनचं सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचर आमच्याकडून गाडीने पाऊण तास. ठाण्याहून इकडे आलो २००६ च्या उन्हाळ्यात, ऑफिसातल्या पोरांनी पहिल्याच महिन्यात तिथे नेलं आणि सरळ किंगडा का या रोलर कोस्टरच्या रांगेत उभं केलं. ४५६ फूट उंच, साडेतीन सेकंदांत ताशी १२८ मैल, तेव्हा जगात सगळ्यात उंच पण तीच आणि सगळ्यात वेगवान पण तीच. रांग अडीच तास आणि राइड २८ सेकंद. सुटल्यासुटल्या डोळ्यांतून पाणी, टोकावर क्षणभर सगळी झाडी पायाखाली पसरलेली, आणि मग खाली येताना तो पिळा. उतरलो तेव्हा पाय लटलटत होते आणि हसू थांबत नव्हतं.

पण खरं सांगू का, नंतरच्या अठरा वर्षांत मी किंगडा कावर फार तर सहा-सात वेळा बसलो असेन. आणि त्याच पार्कातल्या एल तोरोवर किती वेळा बसलो ते मोजणं कधीच सोडून दिलं. एल तोरो लाकडी आहे, उंची १८१ फूट, म्हणजे किंगडाच्या निम्मीसुद्धा नाही, वेग ७० मैल. तरी तो ७६ अंशांचा पहिला ड्रॉप आणि पुढच्या प्रत्येक टेकाडावर सीटवरून असं उचलून फेकते की मांडीवरचा बारच काय तो तुम्हाला धरून असतो. राइड संपली की परत रांगेत जावंसं वाटतं, किंगडावर मला तसं कधी वाटलं नाही, तिथे "झालं एकदाचं" असं वाटायचं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये किंगडा का बंद केल्याचं जाहीर झालं, सोबत तिथलीच ग्रीन लँटर्न कोस्टरसुद्धा गेली, आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला सकाळी स्फोटकं लावून टॉवर पाडला. मी तो व्हिडिओ ऑफिसात जेवताना बघितला आणि घास तसाच राहिला, एवढी आवडती नसूनही गलबलून आलं कारण हायवेवरून तो हिरवा टॉवर दिसला की लेक मागच्या सीटवरून ओरडायची.

पार्कने तेव्हाच सांगितलं होतं की विक्रम मोडणारी नवी लाँच कोस्टर (साखळीने वर न ओढता एकदम जोरात फेकणारी) आणणार. माझं म्हणणं असं की विक्रमाच्या मागे लागूच नये. उंचीत आता सौदीच्या फाल्कन्स फ्लाइटशी कोण बरोबरी करणार, १९५ मीटर आणि ताशी २५० किमी! त्यापेक्षा दीडशे-दोनशे फुटांची पण शेवटच्या ब्रेकपर्यंत दम न सोडणारी कोस्टर हवी. तुम्हाला काय वाटतं? आणि हाच प्रश्न आपल्या खोपोलीच्या इमॅजिका पार्कला लावला तर तिथे काय यावं?


फ्रंट_रो_दादरकर

दादा, तुमचा अनुभव मोठा आहे पण मला हे अजिबात पटलं नाही.

शाळेत असताना माझ्या कपाटाच्या दाराला आतून किंगडा काचा फोटो चिकटवलेला होता, पेपरच्या पुरवणीतून कापलेला. एल तोरोचा नव्हता. उंची बघूनच माणूस या नादाला लागतो हो, एअरटाइम (सीटवरून उचललं जाणं) वगैरे सगळं नंतर कळतं. लहान पोराला विचारा, तो पहिलं विचारणार किती उंच, किती जोरात. तुम्ही सहा-सात वेळा बसलात, मी एकदाही नाही. २०२५ च्या मे महिन्यात आतेभावाकडे न्यू जर्सीला आलो, पैसे साठवून ठेवलेले, पण टॉवर तीन महिन्यांआधीच गेलेला. त्या रिकाम्या आभाळाकडे बघून जे वाटलं ते अजून जात नाही. एल तोरोवर बसलो, भारीच आहे, वाद नाही. पण ज्या पार्कात जगातली सगळ्यात उंच कोस्टर वीस वर्षं होती तिथे आता दीडशे फुटांची आणून ठेवा म्हणणं म्हणजे काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. निदान ३०० च्या वर तरी जायलाच पाहिजे.


पुण्याचा_मेकॅनिकल

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे पण मूळ मुद्दा उंचीचा नाही, ट्रेन वर कशी फेकली जाते त्याचा आहे, तेवढं जरा समजावून सांगतो.

किंगडा काचा लाँच हायड्रॉलिक होता. नायट्रोजनच्या दाबाखाली तेल साठवायचं, ते एकदम सोडून मोटर्स फिरवायच्या, त्या मोटर्सनी एक मोठा ड्रम फिरवायचा, ड्रमवर केबल, केबलला कॅच कार आणि कॅच कार ट्रेनच्या पोटाखाली अडकलेली. म्हणजे आपली विहिरीवरची रहाटच, फक्त प्रचंड ताकदीची. आता प्रत्येक लाँचला केबल झिजते, सील झिजतात, तेल तापतं, आणि एवढं करून सगळी ऊर्जा त्या साडेतीन सेकंदांतच द्यायची, नंतर काही करता येत नाही. हिशोब करून बघा, १२८ मैल म्हणजे सेकंदाला साधारण ५७ मीटर, घर्षण आणि हवा धरलीच नाही तर एवढ्या वेगाने ट्रेन १६५ मीटरच्या वर जाईल. टॉवर होता १३९ मीटरचा. म्हणजे उरलेलं जे आहे ते हवा, चाकं आणि टोक ओलांडायला लागणारा वेग यांत गेलं. समोरून वारा सुटला किंवा चाकं गार असली की ट्रेन टोकाच्या जरा अलीकडे थांबायची आणि मागे यायची, त्याला रोलबॅक म्हणतात. त्यासाठी लाँच ट्रॅकवर चुंबकी ब्रेकच्या पट्ट्या वर यायची सोय होती, धोका नव्हता, उलट रोलबॅक मिळाला की लोक नाचायचे.

आताच्या एलएसएममध्ये, म्हणजे चुंबकी मोटरच्या लाँचमध्ये, केबल नाही, तेल नाही. ट्रॅकला विजेची कॉइल आणि ट्रेनला चुंबक, मध्ये स्पर्शच नाही. मुख्य म्हणजे कितीही वेळा, कुठेही, पुढे आणि मागेसुद्धा ढकलता येतं. त्यामुळे सगळा जोर एका टॉवरवर संपवायची गरजच उरली नाही. ऑरलँडोची वेलोसीकोस्टर घ्या, २०२१ ची, उंची १५५ फूट आणि वेग ७० मैल, आकड्यांत किंगडापुढे काहीच नाही, पण दोन लाँच, चार इन्व्हर्जन (म्हणजे चारदा उलटं होणं), फक्त मांडीवरचा बार आणि शेवटी पाण्यावरून उलटं होत जाणारा तो रोल. बसलेल्या कोणालाही विचारा, उंचीचा विषयसुद्धा निघत नाही.

अजून एक. डिझाइन म्हणजे काय ते लूपवरून बघा. १८९५ मध्ये कोनी आयलंडला फ्लिप फ्लॅप म्हणून लूपवाली राइड होती, लूप अगदी गोल. गोल लूपमध्ये माथ्यावर जेमतेम पार व्हायचं म्हटलं तरी तळाशी माणसाला वजनाच्या सहापट दाब बसतो, हे बारावीच्या फिजिक्सचं गणित आहे, आणि प्रत्यक्षात त्याहून खूप जास्त बसायचा, लोकांच्या माना दुखावायच्या. १९७६ मध्ये वेर्नर श्टेंगेल या जर्मन इंजिनिअरने मॅजिक माउंटन पार्कच्या रेव्होल्यूशन कोस्टरसाठी लूप थेंबासारखा केला, खाली मोठी त्रिज्या, वर लहान. वेग जिथे जास्त तिथे वळण मोठं, एवढीच कल्पना. त्यात उंची वाढवली नाही की वेग वाढवला नाही, आणि तरी आपण आज जे लूप खातो ते सगळे त्याच विचारातून आलेत.


ओहायोतली_मावशी

इथे जवळच सीडार पॉइंट पार्क आहे म्हणून दोन्ही बाजू रोज दिसतात. टॉप थ्रिल ड्रॅगस्टर ४२० फुटांची, किंगडाचीच मोठी बहीण, २००३ ची. २०२१ ला ती बंद झाली, मग हायड्रॉलिक काढून एलएसएम लावलं, मागे अजून एक ४२० फुटांचा उभा खांब उभारला आणि २०२४ च्या मे मध्ये टॉप थ्रिल २ म्हणून उघडली, थोड्याच दिवसांत बंद पडली आणि पुढच्या सीझनला परत सुरू झाली. आम्ही पहिल्या वर्षी दोनदा गेलो, दोन्ही वेळा नुसतं बघून आलो. आणि शेजारची स्टील व्हेन्जन्स, जुन्या लाकडी मीन स्ट्रीकच्या सांगाड्यावर लोखंडी ट्रॅक टाकून २०१८ ला केलेली, २०५ फुटांची, तिच्यावर बसल्यावर अर्धा वेळ तुम्ही सीटला टेकलेलेच नसता. म्हणून मी एडिसनकरांच्या बाजूची.

पण मला वेगळंच म्हणायचंय, तुम्ही सगळे पुरुष माणसं त्या दोनशे-तीनशे फुटांतून बाहेरच येत नाही. माझी मुलगी आठ वर्षांची, उंची ४९ इंच. पिल्लांच्या राइड्सचा तिला कंटाळा आलाय आणि ५४ इंचांच्या राइड्सवर घेत नाहीत. एल तोरोला ४८ चालतं, पण आठ वर्षांच्या पोरीला पहिल्यांदा थेट एल तोरोवर बसवू का मी? मधली पायरीच नाही. ग्रेट अ‍ॅडव्हेंचरला रनअवे माइन ट्रेन आहे, पार्क उघडलं तेव्हापासूनची, १९७४ ची, तेवढ्यावर किती वर्षं काढायची. ज्या पोराला मधली पायरी मिळत नाही ते घाबरतं आणि मग कायमचं खालीच पर्स सांभाळत उभं राहतं, माझी जाऊ तशीच आहे. त्या जागेवर एक मोठी आणि तिच्या सावलीत एक चांगली फॅमिली लाँच कोस्टर, ६०-७० फुटांची, एवढं केलं तर माझ्यासारख्या दहा घरांचे सीझन पास दरवर्षी निघतील.


अबूधाबी_डोंबिवली

फॉर्म्युला रोसावर (फेरारी वर्ल्ड, २०१०) आठ-नऊ वेळा बसलोय. ताशी २४० किमी आणि उंची फक्त ५२ मीटर. गॉगल लावायला देतात. लाँच अप्रतिम, खरंच, छातीवर कोणीतरी हात ठेवून दाबल्यासारखं. पण नंतरची वळणं एवढ्या वेगाला साजेशी रुंद ठेवावी लागतात त्यामुळे वेग जाणवतच नाही, गाडी हायवेवर गेल्यासारखं वाटतं. तिथेच फ्लाइंग एसेस आहे, वेग त्याच्या निम्माच, आणि पाहुणे आले की मी त्यांना तिकडे आधी नेतो. मेकॅनिकल साहेब, वेगाबरोबर त्रिज्या वाढवावीच लागते ना?


पुण्याचा_मेकॅनिकल

हो, आणि वर्गाने वाढते. वेग दुप्पट केला तर तेवढाच दाब ठेवायला वळण चौपट मोठं. म्हणून अतिवेगवान कोस्टर नेहमी पसरट होतात, जमीन पण खातात आणि नाट्य पण कमी होतं.

आता खोपोलीबद्दल. इमॅजिकाची नायट्रो २०१३ ची, बी अँड एम कंपनीची फ्लोअरलेस, साधारण ४० मीटर, पाच इन्व्हर्जन. फ्लोअरलेस म्हणजे स्टेशनवरची जमीन खाली जाते आणि पाय मोकळे लोंबकळतात. आणि हा प्रकार जगात पहिल्यांदा कुठे आला तर एडिसनकरांच्याच पार्कात, मेड्युसा, १९९९. त्यांच्याकडे नायट्रो नावाची पण एक आहे, २००१ ची, २३० फुटांची, नाव तेच पण प्रकार एकदम वेगळा. आपली नायट्रो आजही मुलायम धावते, बांधणी उत्तमच आहे. पण इतकी वर्षं झाली, तिच्या तोडीची दुसरी मोठी कोस्टर तिथे आली नाही. वंडरलाने चेन्नईत तंजोरा आणली, बी अँड एमची इन्व्हर्टेड, म्हणजे ट्रॅक डोक्यावर आणि आपण खाली टांगलेले. मुंबई-पुण्याच्या मधोमध असलेल्या पार्कात ती का नसावी?

माझ्या मनात गेली चार-पाच वर्षं एकच चित्र आहे. इंग्लंडात स्टॅफर्डशायरमधल्या आल्टन टॉवर्स पार्कला नेमेसिस कोस्टर आहे, १९९४ ची. तिथे झाडांच्या शेंड्यांवर काही बांधायला परवानगी नव्हती. तर तिचा डिझायनर जॉन वॉर्डली आणि मंडळींनी काय केलं, खडक फोडून खाली उतरले. जमिनीच्या वर अगदी थोडी दिसते, पण दऱ्यांतून, कपारींतून पाय घासून जातात की काय असं वाटत ५० मैलांनी फिरते. तीस वर्षं झाली, ट्रॅक बदलून २०२४ ला परत उघडली, लोक अजून रांगा लावतात. आता आपल्याकडचा काळा कातळ डोळ्यांसमोर आणा. सह्याद्रीच्या पायथ्याशी बसून आपण सपाट जमिनीवर लोखंड उभं केलंय. त्या कातळातून, वर डोंगर, पावसाळ्यानंतर हिरवंगार सगळं, अशी इन्व्हर्टेड कोस्टर केली तर ती जगात दुसरीकडे कुठेच होऊ शकणार नाही.


खालापूरचा

मी इथलाच, म्हणून बोलतो. कल्पना वाचून अंगावर काटा आला, पण काही गोष्टी पुण्यात बसून कळत नाहीत.

एक तर पाऊस. जून ते सप्टेंबर इथे जो कोसळतो त्याला तुमचं स्टॅफर्डशायर काय. कातळात चर खणला की जुलैत तिथे विहीर होणार, पंप चोवीस तास चालवायला लागतील. दुसरं म्हणजे लोखंड, इथली दमट हवा रंगाला दोन वर्षांत खाते, आणि खड्ड्यातल्या खांबांना रंग द्यायला जायचं कसं. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. इर्शाळवाडी आमच्याच तालुक्यातली, जुलै २०२३. त्या रात्री आमच्या गावातली पोरं वर चढत गेली होती मदतीला, मीही होतो. त्यानंतर डोंगराच्या पायथ्याशी कोणी सुरुंग लावायचं म्हटलं की आम्हाला झोप येत नाही. राइड कितीही चांगली असू दे, उतार कापायचा नाही, एवढं माझं ठाम मत आहे.

कामाची गोष्ट म्हणाल तर नवीन काही आणलं की इथल्या पोरांना नोकऱ्या लागतात, माझा पुतण्या राइड ऑपरेटरचं ट्रेनिंग घेतोय, त्यामुळे पार्क वाढावं असं आम्हालाच जास्त वाटतं.


पुण्याचा_मेकॅनिकल

खालापूरचे दादा, तुमचं म्हणणं मान्य, मनापासून. सुरुंगाचं मी मागे घेतो.

मग दुसरा रस्ता, जमीन कापायची नाही, तिच्या अंगाअंगाने जायचं. ओहायोत किंग्ज आयलंड पार्कला द बीस्ट आहे, १९७९ ची, लाकडी, ७३६१ फूट लांब, आजही जगातली सगळ्यात लांब लाकडी कोस्टर. लिफ्टची उंची ११० फूट पण ड्रॉप १४१ फुटांचा, कारण जमीनच खाली उतरत जाते. झाडांतून चार मिनिटं धावते. उताराचा फायदा घ्यायचा, खांब छोटे छोटे, पाया उथळ, पाणी खालून वाहून जाऊ द्यायचं. लाकूड आपल्याकडे नको, कोलकात्याच्या निक्को पार्कची सायक्लोन आहे खरी पण कोकणातल्या पावसात लाकडाची निगा फार अवघड जाईल, म्हणून स्टीलच. ब्रेक चुंबकी ठेवले तर पावसात पकड जायचा प्रश्न नाही, ते पाण्याला जुमानत नाहीत. ओल्या ट्रॅकवर ट्रेनचा वेग बदलतो तेवढं गृहीत धरून ब्लॉक ठेवायचे, म्हणजे एका टप्प्यात एकच ट्रेन. आणि विजा चमकल्या की सरळ बंद, तिथे तडजोड नाही.


गोराईचा_जुना

तुमचं सगळं वाचतोय, तांत्रिक फारसं कळत नाही पण मला राहवलं नाही.

आमच्यासाठी कोस्टर म्हणजे एस्सेलवर्ल्ड. १९८९ ला उघडलं तेव्हा मी सातवीत. जेट्टीवरून बोटीत बसलो की समोरून पार्क जवळ येत जायचं, आणि खाडीच्या वाऱ्यात आधीच पोटात गोळा यायचा. जत्रेतल्या पाळण्यापलीकडे काही पाहिलेलं नव्हतं आणि एकदम लूप! आज आकडे बघितले तर ती राइड तुमच्या कुठल्याच यादीत बसणार नाही. पण अख्ख्या मुंबईतल्या एका पिढीने पहिल्यांदा उलटं आभाळ तिथे बघितलं. २०२२ ला पार्क बंद झालं. माझ्या मुलाला मी त्याच्यावर बसवू शकलो नाही.

मावशी म्हणतात ती मधली पायरी आमच्यासाठी एस्सेलवर्ल्ड होती, लोकल आणि बोटीने जाता येईल अशी. खोपोलीला काहीही आणा, पण चार माणसांच्या घराला दिवसभराचं तिकीट परवडेल असं ठेवा. २०१८ ला जीएसटी २८ वरून १८ टक्के केला तेव्हा वाटलं होतं तिकीट आवाक्यात येईल. माझ्या शेजारच्या पोरांनी अजून एकही कोस्टर पाहिलेली नाही, आणि ती मुंबईत राहतात.


फ्रंट_रो_दादरकर

काका, माझी पहिली पण एस्सेलवर्ल्डच. बोटीचं वाचून भरून आलं.

मी थोडा बदलतो. न्यू जर्सीला उंचच हवी, त्यावर ठाम, कारण त्या जागेची ती ओळख आहे. पण खोपोलीला उतारावरची इन्व्हर्टेड. पायाखालून करवंदीच्या जाळ्या जातायत आणि समोर डोंगर, हे मी आत्ता डोळे मिटून बघितलं.


एडिसनकर

एवढं मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, आभार. मावशींचा मुद्दा मी मूळ प्रश्नात घालायला हवा होता, माझी लेक मधली पायरी नसल्यामुळेच दोन उन्हाळे माझ्याबरोबर रांगेच्या दारापर्यंत येऊन परत जायची. इथे २०२५ मध्ये फ्लॅश आली, व्हेकोमा कंपनीची सुपर बूमरँग (पुढे जाऊन त्याच ट्रॅकवरून मागे येणारी कोस्टर), हैदराबाद वंडरलाच्या रिकॉइलचं नवं मोठं भावंड म्हणा, फक्त हिच्यात खांदे आवळणारा पट्टा नाही. लेकीने पहिल्याच दिवशी मला तीनदा बसवलं. म्हणजे योग्य वयात योग्य राइड मिळाली की पोरं कशी सुटतात ते बघितलं मी.

खालापूरच्या दादांनी लिहिलेलं वाचून थांबलो बराच वेळ. त्यांचं बरोबर आहे.

आता एक कामाचं. डिसेंबरात आम्ही ठाण्याला येतोय, लेकीला खोपोलीची नायट्रो दाखवायची आहे, ती मेड्युसावर बसलेली आहे त्यामुळे तुलना करणार. कुठली रांग धरू?


खालापूरचा

आठवड्याच्या मधल्या दिवशी या, उघडल्या उघडल्या आधी नायट्रो गाठा. पहिल्या फेरीला पुढची रांग, म्हणजे पायाखाली काही नाही हे नीट दिसतं. दुसऱ्या फेरीला अगदी शेवटची रांग, कडेची सीट, पहिल्या उतारावर मागचे डबे जे ओढून नेतात ते पुढे बसून कळत नाही. डिसेंबरात सकाळी हवा गार असते, चाकं तापायला वेळ लागतो, म्हणून शेवटची रांग दुपारी परत एकदा धरा. फरक लेकीलाच विचारा.